मुरूम लागेपर्यंत

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा मला फाट्यावर सोडायला आले नाहीत. मे महिना, सात वाजताच ऊन डोक्यावर बसलेलं. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा ते वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, उकिडवे बसले होते. बाजूला पाण्याची बादली आणि घमेल्यात चाळलेली माती. माझ्या आईच्या कबरीला भेग पडली होती, कोपरापर्यंत हात जाईल एवढी. बाबा तिच्यात मूठभर माती सोडायचे, वर पाणी ओतायचे, पाणी मुरलं की पुन्हा माती.

"बाबा, गाडीची वेळ झाली."

"जाय." मान वर केली नाही. "आलो असतो, पन हे सोडून कसा येऊ? दुपारलोग अजून फाकते." मी वळले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "अन् वचन वाचत जाय बाई. रोज."

एवढंच. अकोटला गाडी धरली, अंजनगाव सुर्जीला बदलली आणि अमरावतीत उतरले. एकोणीस वर्षांची होते. रस्ताभर मला आई आठवली नाही. ती भेग आठवत राहिली.

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहिते आहे. गावात उरलेल्या विश्वासी माणसांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघून गेले आणि आता शहरातल्या मोठ्या मंडळीत, चर्चमध्ये, एसीखाली बसून "प्रभू भला आहे" म्हणतात त्यांच्यासाठी. प्रभू भला असेल. तुम्ही आणि मी भले आहोत का, तेवढंच मला बोलायचं आहे.

आमचं गाव अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याकडं. घरचा धंदा भाजीचा. वांगी, भेंडी, थोडी औषधात जाणारी पानपिंपरी. वावर बाबा आणि धाकटे काका यांचं एकत्र. मी शाळेत असताना तेल्हाऱ्याहून येशूचे एक प्रचारक यायला लागले. आधी आई त्यांच्या प्रार्थनेला बसली, मग तिच्या मागं बाबा, मग मी. गावात अशी चार घरं झाली. आमचं, विधवा शांतामावशीचं, आणि दोन भावांची दोन.

आईचं शिक्षण चौथी. पण तिला पाठ व्हायचं. ती भेंडी तोडता तोडता स्तोत्र पाठ करायची, एका ओळीच्या झाडांना एक ओळ. झाडांची ओळ संपेपर्यंत तीच शब्दांची ओळ घोळवायची, पुढच्या ओळीला पुढची. तोडा संपला की स्तोत्र संपलेलं. बाबा शेजारच्या ओळीत तोडत असायचे. त्यांना वाचता येतं ते अडखळत, म्हणून तिच्या तोंडून ऐकून त्यांचंही पाठ झालं. पण मधेच मोटार बंद करायला, नाहीतर बैल बांधायला उठून गेलेले असले की तेवढ्या ओळी राहून गेल्या. बाबांच्या स्तोत्रांना अजून भोकं आहेत. ते तिथं थांबतात, श्वास घेतात आणि पुढं जातात.

ज्या वर्षी मी बारावी झाले त्या भादव्यात आई काविळीनं गेली. दोन वर्षं विश्वासात होती, पण तिचा बाप्तिस्मा राहिला होता. प्रचारक म्हणायचे, हिवाळ्यात चार गावांचे एकदम घेऊ.

आता खरं लिहिते. बाबांना तिला जाळायचं होतं. काकांनी लाकडं बोलून ठेवली होती. आई आतल्या खोलीत झाकलेली, आणि ओसरीत बाबांनी मला विचारलं, "काहून व, जाळलं तं देव घेइन नाई का तिले?" घरातली शिकलेली मी. प्रार्थनेत मोठ्यानं वाचणारी मी. मी म्हणाले, विश्वासी माणसाला पुरतात. शास्त्रात कुठं लिहिलंय ते मी सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. नुसतं ठासून बोलले. पत्रकं लिहायला मी पुढं शिकले, ठासून बोलायला तेव्हाच येत होतं.

ग्रामपंचायतीनं जागा दिली नाही. मसणवट्याचा कोपरा मागितला, तर सरपंच म्हणाले, "तुमचा देव येगळा, तं जागाबी येगळी पाहा ना." प्रचारकांना फोन केला. नाल्याला पूर होता, ते येऊ शकले नाहीत. त्यांनी फोनवर प्रार्थना केली, बायबलातलं एक वचन वाचलं आणि म्हणाले, "हिंमत धरा, पुरून घ्या." किती खोल, कसल्या मातीत, वर काय टाकायचं, यातलं काही नाही. त्यांनाही माहीत नसणार.

आमच्या घरात मोठ्या माणसाला पुरलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणून बाबांनी त्यांना येत होतं ते केलं. आख्ख्या वावरातली सगळ्यात चांगली माती त्यांनी निवडली. धुऱ्याजवळचा तो तुकडा, जिथं वांग्याचं रोप आठवड्यात धरतं. काळी, भुसभुशीत, भादव्याच्या पावसानं लोण्यासारखी झालेली. प्रार्थनेतल्या त्या दोन भावांनी मदत केली, तासाभरात छातीएवढा खड्डा झाला. रोप लावावं तसं त्यांनी माझ्या आईला सुपीक जागेत ठेवलं. मी डोक्यावर पदर घेऊन वचन वाचलं. आम्ही गायलो. आम्हाला वाटलं, नीट झालं.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. हे आम्हाला माहीत नव्हतं? पिढ्यान्पिढ्या त्याच मातीत राबणाऱ्यांना? दर उन्हाळ्यात त्या भेगांत आमच्या चपला अडकतात. पण ती शेतीची माहिती होती. कबरीशी ती जोडायची असते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. एप्रिलमध्ये पहिली भेग पडली. मग वास. मग कुत्री. पुढचं लिहीत नाही. गावात पोरं नाकाला रुमाल लावून आमच्या घरावरून जायला लागली आणि हसायला लागली, एवढं पुरे.

आम्हाला गायला शिकवलं. हात कधी वर करायचे, टाळी कुठं द्यायची, साक्ष कशी सांगायची, सगळं शिकवलं. पुरायला कोणी शिकवलं नाही.

अमरावतीत मी मंडळीच्या वसतिगृहात राहिले, समाजकार्याचं शिकले. तिथली उपासना पाहून पहिल्या रविवारी मी घाबरलेच. कीबोर्ड, ड्रम, भिंतीवर प्रोजेक्टर, हिंदी गाणी. सगळं छान. मग तरुणसंघात एक फॉर्म आला, "तुमचं कृपादान ओळखा", म्हणजे देवानं तुम्हाला कशाची देणगी दिली ते. चौकोन दिलेले, टिक करायची. गायन, वादन, उपदेश, अन्य भाषांत बोलणं, प्रशासन, मीडिया. मी "लेखन" असं खाली हातानं लिहिलं. संघाचा लीडर म्हणाला, "अरे वा, मग तू वचनाचे ग्राफिक्स कर." वर्षभर मी रोज सकाळी एक वचन सूर्योदयाच्या फोटोवर चिकटवून ग्रुपवर टाकलं. खाली फुलं, हात जोडलेले, आमेन आमेन. बाबांनी रोज वाच म्हटलं होतं. मी रोज चिकटवत होते. दोन्ही एकच समजत होते.

मग एका छोट्या गटाशी ओळख झाली. खेड्यापाड्यांतल्या विश्वासी लोकांना दफनाला जागा मिळावी म्हणून ते तहसिलींत अर्ज करत फिरतात. त्यांची पत्रकं मी लिहायला लागले. एका पानात काय झालं, कोणी केलं, काय पाहिजे. विशेषणं कमी, तारखा जास्त. तिथं मला कळलं की माझ्या आईची गोष्ट एकट्या माझी नाही. झोपडीत पुरलेलं आहे, नाल्याच्या काठी पुरलेलं आहे, आणि पहिल्या पुरात वाहून गेलेलं आहे.

इकडं बाबांनी काय केलं? ते अकोल्याला गेले. कोणाला न सांगता, एसटीनं. तिथल्या एका कब्रस्तानात खड्डे खणणारा म्हातारा होता, त्याच्याजवळ दोन दिवस बसले. त्यानं शिकवलं. काळी माती ओलांडून खाली जायचं, मुरूम लागेपर्यंत. मुरुमात ठेवायचं आणि वर निघालेला मुरूमच परत भरायचा, काळी बाजूला फेकायची. आणि खारपाणपट्ट्यात, जिथं कितीही खाली गेलं तरी मुरूम लागत नाही, तिथं नदीची रेती आणून चारी बाजूंनी भरायची. परत येऊन बाबांनी आईच्या कबरीभोवती चर खणला, मुरूम ठासला, वर रेतीचा ढीग केला. पुढच्या उन्हाळ्यात ती फाटली नाही.

मग त्यांना बोलावणी यायला लागली. तेल्हारा, अकोट, अंजनगाव, कुठंही विश्वासी माणूस गेलं की फोन यायचा. बाबा कुदळ पोत्यात गुंडाळून एसटीत बसायचे. खणताना गायचे. मी विचारलं होतं, खड्ड्यात कसलं गाणं? म्हणाले, "नाई गायलं तं दम लवकर लागते. स्तुती केली का हात चालते." माझ्या त्या फॉर्मवर याचा चौकोन नव्हता.

आता काकांचं. काका वाईट नाहीत, हे आधी लिहिते, कारण पत्रकात असलं वाक्य मी कधी लिहिलं नसतं. आई गेली तेव्हा ते बाबांपेक्षा जास्त रडले. पण अकोटच्या बाजारात त्यांच्या पाटीपुढं एक व्यापारी उभा राहायचा आणि चारचौघांत विचारायचा, "काहो, वांगे मसनातले हायेत का वावरातले?" लोक हसायचे. पाटी तशीच परत यायची. शेवटी काका बाबांना म्हणाले, "दादा, वैनी मले मायसारखी होती. पन मी खाऊ काय? पेरनीच्या आत तिले दुसरीकडं ने. नाई तं मी तथून ट्रॅक्टर घालतो. मंग मले बोलू नोको."

बाबांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज मला आवडला नाही. मी म्हणाले, थांबा, मी इथं बोलते.

अमरावतीच्या मंडळीला स्वतःची दफनभूमी आहे. भिंत, फाटक, कडुनिंबं. मी कमिटीपुढं गेले. सगळं सांगितलं, परवानगीचे कागद मी काढते म्हणाले, जागा तेवढी द्या. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं.

"बाप्तिस्म्याचा दाखला?"

"झाला नव्हता. दोन वर्षं विश्वासात होती."

"मग मेंबर नाही ना बेटा. आज तुझ्या आईला घेतलं, उद्या सगळ्या जिल्ह्यातून येतील. आम्ही कुठं ठेवायचं?"

मी म्हणाले, "तिला चौदा स्तोत्रं पाठ होती. तुमच्यात कोणाला आहेत?"

एकानं "अहंकार नको" असं म्हटलं. मग प्रार्थना झाली. माझ्यासाठीच झाली, मी शांत व्हावं म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मृगाआधीच्या वळवाच्या पावसात, सेक्रेटरींच्या सासूबाई गेल्या. दफनभूमीतला नेहमीचा माणूस आजारी, खड्ड्यात पाणी भरत होतं, दोन पोरांनी खणलेली बाजू खचली. कोणीतरी माझ्याकडं बाबांचा नंबर मागितला. मी दिला नाही. त्यांना दुसरीकडून मिळाला. बाबा पहिल्या गाडीनं आले. मी फाटकातून आत गेले तेव्हा ते खड्ड्यात गुडघाभर चिखलात होते, आणि गात होते.

"बाबा, याहीनं आईले जागा देली नाई. अन् तुमी याहीच्यासाठी खंदून राहिले?"

त्यांनी कुदळ थांबवली नाही. "त्या मेलेल्या बाईनं माह्यं काय केलं?"

माझा राग गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. बाबांचं मन मोठं आहे म्हणून कमिटीचं लहान मन झाकलं जाऊ नये. त्या दिवशी दफनविधीत मंडळीच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्यांसाठी झिजण्यावर सुंदर प्रवचन दिलं. बाबा भिंतीबाहेर नळावर पाय धुत होते.

पेरणी जवळ आली. मी म्हणत होते कोर्टात जाऊ. मी पत्रक लिहूनही ठेवलं होतं, काकांच्या नावानिशी. बाबांनी ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "तुह्या लिहिन्यात काही खोटं नाई. पन हे वाटलं का तुहा काका गावात तोंड नाई दाखवू शकनार." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांशी वाटणी केली. विहिरीकडचं सगळं काकांना दिलं. स्वतःकडं धुऱ्याकडची पट्टी ठेवली, जिच्यात आई आहे. पाणी काकांकडं गेलं. पट्टीत आता बाबा तूर पेरतात, देवाच्या पावसावर. भाजीवाला माणूस भाजीशिवाय राहिला. आई मात्र हलली नाही.

ते पत्रक माझ्याकडं अजून आहे. मी फाडलं नाही आणि वाटलंही नाही.

मी अमरावतीत नोकरीला लागले, एक खोली घेतली, बाबांना म्हटलं चला. येत नाहीत. गावातल्या चार घरांपैकी ती दोन भावांची घरं पुण्याला गेली, कंपनीत. त्यांचे व्हिडिओ येतात, मोठा हॉल, रंगीत दिवे, सगळे हात वर. बरं आहे. पण भाऊहो, आईच्या खड्ड्यात उतरलेले तुम्ही दोघंच होतात. आता गावात बाबा आणि शांतामावशी उरले. बाबा सगळ्या तालुक्यासाठी खणतात. बाबांसाठी कोण खणणार?

हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीच तो काढला, यंदाच्या एप्रिलमध्ये, मी गेले होते तेव्हा. चहा झाला, त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि माझ्या हातात दिली.

"चाल."

"कुठं?"

"वावरात. तुले शिकवतो."

आईच्या शेजारी त्यांनी चुन्यानं चौकोन आखून ठेवला होता. मी पाहिलं आणि कुदळ खाली टेकवली. म्हणाले, "अवं, मी आज नाई मरत. पन मंग कोन सांगन तुले? पास्टरले येत नाई."

मी खणायला लागले. उन्हाळ्यातली काळी माती दगडासारखी असते. पहिल्या हातभरातच तळहाताला फोड आले. बाबा धुऱ्यावर बसून सांगत होते, कंबर वाकव, मनगटानं मारू नोको, कडा सरळ ठेव नाई तं ढासळते. शांतामावशी काठी टेकत आली.

"हे कोन्त्या शास्त्रात लिवलं हाये व? पोरगी खंदून राहिली अन् बाप बसून राहिला!"

"तुह्यासाठीबी शिकून राहिली ते," बाबा म्हणाले.

"मंग माह्या खातीर रुंद खंदजो माय. मी तुह्या बापासारखी काडी नाई."

तिघं हसलो. मग मला रडू आलं, आणि खड्ड्यात असल्यामुळं ते कोणाला दिसलं नाही. छातीएवढं झालं तेव्हा माझा दम संपला. वरून बाबांचा आवाज आला, "गाय." मला गायचं नव्हतं. कोणासाठी गाऊ? रजिस्टरवाल्यांच्या देवासाठी? "गाय व, हात चालते त्यानं." मी सुरुवात केली, बेसूर, शिव्या दिल्यासारखी. हात चालले. विश्वास वाढला वगैरे मी म्हणणार नाही. हात चालले, एवढं खरं.

डोकं खड्ड्यात बुडालं तेव्हा कुदळीचा आवाज बदलला. आधी मऊ, भरलेला आवाज येत होता, आता कोरडा, खरखरीत. पिवळट खडे उडाले. बाबा खाली उतरले, तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लागला मुरूम. आता तुले येते."

मग आम्ही तो खड्डा भरून टाकला. उघडा ठेवला तर गुरं पडतात.

इथं ऑफिसात लोक विचारतात, गावाकडं कोण असतं, घर आहे का अजून. मी हो म्हणते. घर पडकं आहे, विहीर आपली नाही, रस्त्यात भेटणारे तोंड फिरवतात, आणि अमरावतीच्या खोलीत माझं सगळं सामान आहे. तरी घर तेच. तिथून फोन आला की मला निघावं लागेल. पाळकसाहेबांना कळवायचं नंतर, कमिटीला तर नाहीच. अमरावतीहून गावापर्यंत चार तास लागतात, अंजनगावला गाडी लगेच मिळाली तर. उन्हाळ्यात प्रेत तेवढंच थांबतं. पोहोचल्यावर कुठं खणायचं ते मला माहीत आहे, किती खोल तेही माहीत आहे, आणि दम लागला तर काय करायचं तेही.